विणीचे वाचन: जाळीच्या विणकामातील पहिल्या प्रयत्नांविषयी प्रस्तावना

दोन सुयांवरच्या विणकामाचे जे अनेक प्रकार आज प्रचलित आहेत, त्यांपैकी जाळीची वीण ही सर्वांत अवघड मानली जाते, आणि स्वेटर, मोजे, टोपडी सहज विणणारी अनुभवी व्यक्तीदेखील पहिल्यांदा जाळी सुईवर घेताना बिचकते. हे बिचकणे निराधार नसले तरी त्याचे कारण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. जाळीसाठी हाताला शिकवावी लागणारी नवी हालचाल फारच थोडी असते. सुलट टाका, उलट टाका, सुईवर घेतलेला जादा वेढा आणि दोन-तीन टाके एकत्र विणणे एवढ्याच सामग्रीतून या कलेचे जवळजवळ सगळे नमुने सिद्ध झालेले आहेत. जे नव्याने कमवावे लागते ते नजरेचे कौशल्य होय. आपण काय विणले, सुईवर आता काय आहे आणि पुढच्या ओळीत ते कुठे जाणार आहे, हे विणीकडे पाहूनच ओळखता येणे, म्हणजे वीण वाचता येणे, हे जाळीच्या शिक्षणाचे खरे उद्दिष्ट आहे, आणि शिकाऊ व्यक्तीचे पहिले प्रयत्न त्या दृष्टीने तपासावेत, असे या प्रस्तावनेचे प्रतिपादन आहे.

आरंभी विषयाची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. लेस या एकाच नावाखाली बाजारात परस्परांहून पूर्णपणे भिन्न अशा अनेक वस्तू येतात. उशीवर टाचण्या रोवून अनेक दोऱ्यांच्या फिरक्या एकमेकींवरून नेत केलेली लेस वेगळी, शिवणाच्या सुईने दोऱ्याच्या गाठी आणि फासे घालून केलेली वेगळी, आणि मराठी घरांत टेबलावरच्या रुमालांमुळे परिचित असलेले क्रोशाचे काम त्याहून वेगळे; कारण क्रोशात एका वेळी आकड्यावर बहुधा एकच टाका जिवंत असतो आणि विणलेला भाग तिथल्या तिथे बंद होत जातो. सुयांवरच्या विणकामात मात्र ओळीतले सगळेच टाके एकाच वेळी उघडे असतात, त्यांतला कोणताही निसटू शकतो, आणि प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधारावर उभा असतो. ही गोष्ट साध्या विणीत फारशी जाणवत नाही, पण जाळीत तिचे परिणाम पदोपदी भोगावे लागतात. प्रस्तुत विवेचन या सुयांवरच्या जाळीपुरतेच आहे.

जाळीची रचना एका साध्या तत्त्वावर उभी आहे. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये लोकर पुढे घेऊन सुईवरून नेली की सुईवर एक वेढा पडतो. परतीच्या सुईत, म्हणजे पुढच्या ओळीत, हा वेढा इतर टाक्यांप्रमाणेच विणला जातो आणि त्याच्या खाली काहीच नसल्यामुळे तिथे छिद्र उमटते. मात्र प्रत्येक वेढ्याने एक टाका वाढतो, आणि वाढलेले टाके कमी केले नाहीत तर कापड पसरत जाते. म्हणून छिद्रागणिक कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक टाका घटवावा लागतो. वेढा ही जमा आणि घट हा खर्च असा हा जमाखर्च असून, एरवी सरळ असलेल्या पट्टीत तो सहसा प्रत्येक ओळीअखेर जुळतो. जिथे तो मुद्दाम जुळू दिला जात नाही, तिथे कापडाचा आकार बदलतो. त्रिकोणी शाल दर दोन ओळींनी रुंदावते ती याच हिशेबामुळे.

घट कशी केली यावरही नमुन्याचे रूप अवलंबून असते. दोन टाके एकत्र सुलट विणले की वर राहणारा टाका उजवीकडे कलतो. एक टाका न विणता उचलून घेतला, पुढचा विणला आणि उचललेला त्यावरून ओढून टाकला की तो डावीकडे कलतो. पाने, हिरकणीचे आकार, कमानी यांच्या रेषा या कलण्यातूनच निर्माण होतात. डोळा प्रथम छिद्रे पाहतो, पण आकाराची धार त्या शेजारचे कललेले टाके आखत असतात. तीन टाक्यांचा एक करणारी दुहेरी घटही असते, आणि तिच्यासाठी दोन वेढ्यांची जमा लागते. ज्या व्यक्तीला या दोन-तीन घटींमधला फरक विणलेल्या कापडावर बोट ठेवून दाखवता येतो, तिने जाळीचा निम्मा अभ्यास पूर्ण केला आहे असे मानायला हरकत नाही.

या तत्त्वाचे सर्वांत सुबोध उदाहरण म्हणजे शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ नावाची लाटांची वीण. तिचा एक प्रचलित पाठ अठरा टाक्यांचा आणि चार ओळींचा आहे. पहिली सुई सुलट, दुसरी उलट आणि चौथी पुन्हा सुलट असल्यामुळे या तीन ओळींत शिकाऊ हाताला काहीच अडचण येत नाही. सगळे काम तिसऱ्या ओळीत होते. त्या ओळीत प्रथम दोन-दोन टाके एकत्र असे तीनदा विणायचे, मग वेढा आणि एक सुलट टाका असे सहा वेळा करायचे आणि शेवटी पुन्हा दोन-दोन टाके एकत्र तीनदा विणायचे. पहिल्या सहा टाक्यांचे तीन होतात, मधल्या सहांचे बारा होतात, शेवटच्या सहांचे पुन्हा तीन होतात, आणि बेरीज अठराच राहते. मात्र मधल्या भागात टाक्यांची गर्दी झाल्यामुळे ती जागा पंख्यासारखी फाकते आणि दोन्ही बाजूंच्या घटी कापड आत ओढून घेतात, त्यामुळे सरळ विणलेली ओळ आपोआप लाटेसारखी वळते. चौथ्या ओळीतल्या सुलट टाक्यांनी प्रत्येक लाटेखाली एक उंचवटा उमटतो, आणि किती लाटा झाल्या हे त्या उंचवट्यांवरून मोजता येते. चारच ओळींत वाढ, घट, त्यांचा परस्परसंबंध आणि त्यातून निघणारा आकार हे सगळे एकत्र दिसत असल्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी याहून योग्य वीण क्वचितच सापडेल.

ज्या शेटलंड बेटांचे नाव वर आले, ती स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असून त्यांतले सर्वांत उत्तरेकडचे वस्तीचे बेट उन्स्ट हे बारीक जाळीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. विणकाम तिथे पूर्वापार होतेच. परदेशी कोळ्यांना आणि व्यापाऱ्यांना मोजे विकणे हा बेटांवरच्या घरांचा जुना जोडधंदा होता. नाजूक जाळीची शाल मात्र एकोणिसाव्या शतकात पुढे आली. मूळचे शेटलंडचे असलेले आणि पी अँड ओ या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले आर्थर अँडरसन यांनी १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांना शेटलंडचे तलम विणकाम भेट दिले, आणि त्यानंतरच्या दशकांत इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत या कामाला मागणी वाढत गेली. मेंढीच्या मानेभोवतीची सर्वांत मऊ लोकर कात्रीने न कापता हाताने उपटून घ्यायची, ती अतिशय बारीक कातायची आणि तिच्यातून लग्नाच्या अंगठीतून आरपार जाईल अशी शाल विणायची, ही त्या कौशल्याची परिसीमा होती. काश्मीरच्या अंगठीतून जाणाऱ्या शालींची ख्याती भारतीय वाचकाला माहीत असते. त्या शाली मागावर विणलेल्या असतात, तर शेटलंडची शाल दोन सुयांवर टाक्यागणिक उभी राहते, एवढा भेद लक्षात ठेवावा.

या सौंदर्याच्या मागे कष्टाचा इतिहास आहे आणि तो नजरेआड करून या कलेचा परिचय करून देणे अन्यायाचे होईल. विणणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या कामाचा मोबदला पुष्कळदा रोख पैशांत न मिळता दुकानदाराकडच्या चहा, कापड अशा मालाच्या रूपात मिळत असे. या मालरूपी मोबदल्याच्या पद्धतीची १८७२ मध्ये सरकारी चौकशी झाली, आणि त्या वेळी नोंदवल्या गेलेल्या साक्षींमध्ये शाली विणणाऱ्या स्त्रियांच्याही साक्षी आहेत. राजघराण्यापर्यंत पोचणारी शाल विणणारीच्या हातात रोख रक्कम उरत नसे, ही वस्तुस्थिती जाळीच्या किमतीविषयी आजही काही शिकवते: महिनोन्महिने चालणाऱ्या कामाचे मोल कापडाच्या वजनावरून ठरवता येत नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने या परंपरेतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तिथल्या मुली लहानपणीच थोरल्या बायकांच्या शेजारी बसून विणायला शिकत आणि नमुने बहुतांशी पाहून, मोजून, लक्षात ठेवून घेत. केसांचे पूरण भरलेला आणि भोके पाडलेला एक चामडी पट्टा कमरेला बांधून त्यात उजव्या सुईचे टोक खोचले जाई, त्यामुळे सुईचा भार हातावर न येता बोटे मोकळी राहत आणि वेग वाढे. लाटेचा ठसा, मांजराचे पाऊल, घोड्याचा नाल, पक्ष्याचा डोळा अशी नमुन्यांची नावे ओळखीच्या वस्तूंवरून पडलेली होती, म्हणजे आकार डोळ्यांपुढे ठेवूनच तो आठवला जात असे. जुन्या शेटलंड कामात दोन्ही बाजूंनी सुलट विणण्याची पद्धत विशेष आढळते. तिच्यात कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि उलट टाक्यांचा अडथळा राहत नाही. या मुली शाल विणायला बसत तेव्हा वीण वाचण्याचे शिक्षण त्यांना आधीच मिळालेले असे. आजच्या शिकाऊ व्यक्तीला बहुधा उलट क्रमाने जावे लागते: नमुना कागदावर आधी मिळतो आणि नजर नंतर तयार करावी लागते.

हा क्रम कसा बदलला याचे उत्तर छापील पुस्तकांत आहे. एडिंबरो येथील जेन गॉगेन यांनी १८४० मध्ये विणकामाच्या सूचनांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि प्रत्येक क्रियेसाठी अक्षरांची संक्षिप्त चिन्हे वापरली. ओळीओळीने लिहिलेल्या सूचनांची ही पद्धत दीर्घकाळ रूढ राहिली. पुढे चौकटींच्या आराखड्यांचा प्रसार झाला. अमेरिकेतील बार्बरा वॉकर यांच्या १९६८ पासूनच्या नमुनासंग्रहांनी जाळीचे शेकडो नमुने एकत्र आणले आणि १९७२ च्या त्यांच्या पुस्तकाने आराखड्यांची भाषा सर्वपरिचित केली. आराखड्यात एक चौकट म्हणजे एक टाका आणि चौकटींची एक रांग म्हणजे एक सुई. कापडाची सुलट बाजू समोर धरल्यावर जसे दिसेल तसे ते चित्र असते, म्हणून सुलट बाजूची रांग उजवीकडून डावीकडे आणि परतीची रांग डावीकडून उजवीकडे वाचायची. काही ओळींत टाक्यांची संख्या बदलत असेल तर तेवढी जागा भरून काढण्यासाठी रिकामी चौकट रंगवून ठेवतात. त्या जागी काहीच विणायचे नसते, आणि नेमक्या याच चौकटीपाशी नवखी व्यक्ती हमखास अडखळते. लिखित सूचना पुढे काय करायचे एवढेच सांगते. आराखडा मात्र केलेले आणि करायचे एकमेकांवर ठेवून दाखवतो, त्यामुळे वीण वाचण्याच्या अभ्यासाला तो अधिक उपकारक ठरतो.

शेटलंडखेरीज आणखी दोन परंपरांचा उल्लेख इथे अपरिहार्य आहे. रशियातील ओरेनबर्ग परिसरात शेळीच्या अंगावरच्या मऊ कोवळ्या केसांपासून शाली विणल्या जातात, आणि १७६६ मध्ये प्योत्र रिचकोव यांनी तिथल्या शेळ्यांच्या या लोकरीविषयी लिहून तिच्याकडे लक्ष वेधले. एस्टोनियातील हाप्सालू या किनारपट्टीच्या गावी, एकोणिसाव्या शतकात औषधी चिखलाच्या उपचारांसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या मागणीवर जाळीच्या शालींचे काम वाढले. तिथल्या शालींवर एकाच टाक्यातून पाच, सात किंवा अधिक वेढे काढून परतीच्या सुईत ते एकत्र विणून केलेले मण्यासारखे फुगीर ठिपके असतात आणि कडेची किनार वेगळी विणून नंतर शिवली जाते. तिन्ही ठिकाणी हवामान थंड, लोकर स्थानिक आणि विणणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया असल्या तरी प्रत्येक परंपरेने वेढा आणि घट यांच्या त्याच सामग्रीतून आपले स्वतंत्र रूप घडवले.

आता पहिल्या प्रयत्नांकडे वळता येईल. शिकाऊ व्यक्तीच्या चुका विविध दिसल्या तरी त्यांतली सर्वाधिक आढळणारी चूक एकच असते, ती म्हणजे वेढा घ्यायचा राहणे. त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. ओळीअखेर एक टाका कमी भरतो, किंवा मोजलेच नाही तर दोन ओळींनंतर पानाची मधली रेघ एका टाक्याने सरकलेली आढळते. चूक परतीच्या सुईतच ध्यानात आली तर उपाय सोपा आहे: जिथे वेढा हवा होता तिथे दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा समोरून मागे सुई घालून उचलायचा आणि तोच वेढा मानून विणायचा. छिद्र किंचित लहान येते, पण धुऊन ताणल्यावर तो फरक सहसा उरत नाही. मात्र ही दुरुस्ती करण्यासाठी चूक नेमकी कुठे आहे हे दिसावे लागते, आणि ते ओळीअखेरच्या एकूण संख्येवरून कळत नाही. म्हणून नमुन्याच्या प्रत्येक आवृत्तीनंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची कडी अडकवून ठेवतात. दोन कड्यांमधले टाके मोजले की चूक कोणत्या भागात आहे ते लगेच सापडते.

दुसरी अडचण उसवण्याची आहे. साध्या विणीत एक सुई उसवून टाके पुन्हा उचलणे फारसे कठीण नसते. जाळीत मात्र एका घटीत दोन-तीन टाके अडकलेले असतात आणि वेढ्यातून जन्मलेल्या टाक्याखाली कोणताच टाका नसतो, त्यामुळे सुई काढून लोकर ओढताच काही टाके नाहीसे होतात आणि काही खालपर्यंत सुटत जातात. यावरचा प्रतिबंधक उपाय असा की काही ओळींनंतर, शक्यतो परतीच्या साध्या सुईनंतर, सुईवरच्या सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तिथेच ठेवायचा. पुढे काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्तपणे उसवता येते, कारण तिथले टाके दोऱ्यावर थांबलेले असतात. ज्या नमुन्यांत प्रत्येक दुसरी ओळ नुसती उलट किंवा सुलट विणायची असते ते आरंभी निवडावेत, आणि दोन्ही बाजूंच्या ओळींत वेढे व घटी येतात असे नमुने नजर पक्की झाल्यावर हाती घ्यावेत, या सल्ल्यामागेही हेच कारण आहे: साधी ओळ ही आधीची ओळ तपासून पाहण्याची संधी असते.

साहित्याची निवड हा तिसरा मुद्दा होय. पहिल्याच प्रयत्नाला केसासारखी बारीक लोकर घेण्याचा मोह टाळावा. मध्यम जाडीची, फिकट रंगाची, गुळगुळीत आणि घट्ट पिळाची लोकर घेतली तर टाके स्पष्ट दिसतात, आणि जे दिसत नाही ते वाचता येत नाही. लाकडी किंवा बांबूच्या सुयांवर टाके पोलादी सुयांपेक्षा कमी घसरतात. लोकरीच्या जाडीला एरवी जी सुई वापरली जाते तिच्यापेक्षा जाड सुई घेण्याची रीत आहे, कारण टाके सैल असल्याखेरीज जाळी उघडत नाही. त्याच कारणास्तव टाके घालण्याची आणि बंद करण्याची कड सैल ठेवावी लागते; घट्ट बंद केलेली कड मधल्या सुंदर विणीला कायमची आवळून धरते.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र विणून झालेल्या तुकड्याच्या रूपाविषयी असतो. सुईवरून उतरलेली जाळी आक्रसलेली, चुरगळलेली आणि अनाकर्षक दिसते, आणि अनेक शिकाऊ व्यक्ती याच टप्प्यावर प्रयत्न फसला असे समजून काम सोडून देतात. वास्तविक तोवर काम अपुरे असते. तुकडा कोमट पाण्यात भिजवून, पाणी न पिळता टॉवेलमध्ये टिपून, टाचण्या लावून किंवा चौकटीवर ताणून वाळवला की छिद्रे उघडतात, घटींच्या रेषा सरळ होतात आणि लाटांची टोके बाहेर येतात. शेटलंडमध्ये यासाठी लाकडी चौकटी वापरत आणि किनारीचे प्रत्येक टोक दोऱ्याने चौकटीला बांधत. लोकरीच्या प्रथिनतंतूंमधले हायड्रोजन बंध पाण्याने सैल होतात आणि तंतू ताणलेल्या स्थितीत वाळला की ते त्या स्थितीत पुन्हा जुळतात. लोकर दिलेला आकार धरून ठेवते ती यामुळे. ॲक्रिलिकच्या धाग्यात हा गुणधर्म नसल्यामुळे नुसत्या पाण्याने ताणलेली जाळी पुन्हा आक्रसते. महाराष्ट्रातील दुकानांत लोकर या नावाने ॲक्रिलिक सर्रास विकले जात असल्याने, ही माहिती नसलेली व्यक्ती धाग्याचा दोष स्वतःच्या हातावर घेते.

मराठी समाजात विणकाम परके नाही. बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, झबली आणि शाल विणण्याची प्रथा अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ‘एक सुई सुलट, एक सुई उलट’ या तोंडी सूचनेवर असंख्य हात तयार झाले आहेत. बाळाच्या शालीवर लाटांची वीण घालणाऱ्या कितीतरी जणींनी जाळीचे तत्त्व आधीच आत्मसात केलेले असते. त्यांना फक्त त्याची जाणीव करून द्यावी लागते. पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतल्या सौम्य हिवाळ्याला जाड स्वेटरपेक्षा जाळीची हलकी शाल अधिक मानवते, हा व्यावहारिक विचारही या कलेच्या बाजूने आहे. उणीव आहे ती हाताच्या कौशल्याला नजरेच्या शिस्तीची जोड देणाऱ्या सुसंगत मराठी विवेचनाची. तोंडी सूचना एका घरातून दुसऱ्या घरात जाताना बदलतात, आणि ‘का’ हा प्रश्न त्यांत बहुधा विचारला जात नाही. वेढ्याला घट का हवी, घट उजवीकडेच का कलावी, कड सैल का सोडावी, याची कारणे एकदा समजली की छापील नमुन्यातली चूकही विणणारी व्यक्ती स्वतः हुडकून दुरुस्त करू शकते.

म्हणून जाळीचा अभ्यास आरंभणाऱ्याने पहिला तुकडा शालीचा न करता नमुन्याच्या छत्तीस टाक्यांचा, त्यांखेरीज दोन्ही कडांना दोन-तीन साधे टाके राखलेला, लाटांच्या विणीचा करावा, तो मुद्दाम एकदा चुकवून दुरुस्त करून पाहावा, दोऱ्यापर्यंत उसवून पुन्हा उचलावा आणि शेवटी भिजवून ताणावा. त्या तुकड्याचे मूल्यमापन सफाईवरून करू नये. आराखडा बाजूला ठेवून, केवळ कापडाकडे पाहून पुढची ओळ कोणती हे सांगता आले तर तो प्रयत्न यशस्वी झाला असे मानावे. कारण तेवढे जमलेल्या व्यक्तीला पुढचा प्रत्येक नमुना, तो उन्स्टचा असो की हाप्सालूचा, स्वतःच्या बळावर शिकता येतो.